चढणीचे मासे आणि बंद नदी: सिएटलजवळ सॅमन-स्टीलहेडसाठी पहिला गळ टाकण्याआधी

पहिल्या पावसात ओहोळ भरले की कोकणात चढणीचे मासे धरायला माणसं रात्री बत्ती घेऊन निघतात. मासा अंडी घालायला पाण्याच्या उलट चढतो आणि मोजक्या रात्रीच हाताला लागतो. सॅमनही चढणीचाच मासा. नदीच्या वरच्या अंगाला जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या नदीत येतो. आपल्याकडचा पाला मासा (हिल्सा) समुद्रातून नदीत चढतो तसंच हे. सॅमनच्या गोतातला स्टीलहेडही असाच चढतो. रावसाला मात्र इथे आणू नका. हॉटेलवाले त्याला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण सॅमनशी त्याचं काही नातं नाही.

दर सप्टेंबरला रेडमंड, बेलव्ह्यू, सॅमामिशकडच्या कुणाचा तरी फोन येतो, “रॉड घेतलाय, कुठे जाऊ?” ‘कुठे’ हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी लायसन्स, कार्ड, नदीचा तुकडा, तारीख, माशाची जात आणि माशाच्या पाठीवरचा एक बोटभर पर, एवढं मार्गी लावावं लागतं. हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय. उदाहरणाला आपल्या घराजवळचीच नदी घेतो. स्नोक्वाल्मी आणि स्कायकोमिश मन्रोजवळ एकत्र येतात, पुढे त्यांना स्नोहोमिश म्हणतात आणि ती एव्हरेटला समुद्राला मिळते. नियम वॉशिंग्टन राज्याचे आहेत. ओरेगॉन किंवा ब्रिटिश कोलंबियात जाणार असाल तर तिथला कागद वेगळा.

आधी लायसन्स, आणि त्याचं विचित्र वर्ष

राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याकडून लायसन्स घ्यायचं. ऑनलाइन मिळतं, खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानांतही मिळतं. नदीपुरतं जायचं असेल तर गोड्या पाण्याचं पुरतं. खेकडे, शिंपल्या, समुद्रातला मासा हेही करायचं असेल तर एकत्रित घ्या.

लायसन्सचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, अगदी आपल्या आर्थिक वर्षासारखं. फेब्रुवारीत हौसेने वर्षाचं लायसन्स काढणारे नवखे दर साली दिसतात आणि सहा आठवड्यांत त्यांचं लायसन्स संपतं. नियमांची पुस्तिका मात्र १ जुलै ते ३० जूनची. ही दोन कॅलेंडरं डोक्यात वेगळी ठेवा.

रहिवासी दर मिळायला राज्यात सलग ९० दिवस राहिलेलं असावं लागतं. नोकरी लागून महिनाच झाला असेल तर परराज्याचा दर भरा किंवा थांबा. खोटं लिहू नका. मासेमारीच्या नियमांची काही उल्लंघनं इथे फौजदारी गुन्ह्यात मोडतात, त्यामुळे व्हिसावर असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पुण्याहून आईवडील आले असतील तर त्यांच्यासाठी एक ते तीन दिवसांचं तात्पुरतं लायसन्स असतं. जूनमध्ये एका शनिवार-रविवारी लायसन्स न लागणारे ‘मोफत मासेमारी’चे दिवसही असतात, पण तेव्हाही सॅमन-स्टीलहेडसाठी धरलेला मासा नोंदवायचं कार्ड लागतंच. १५ वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही, कार्ड मात्र लागतं.

कॅच रेकॉर्ड कार्ड

लोक विसरतात ते हे. सॅमन किंवा स्टीलहेड ठेवायचा ठरवला की तिथेच, त्याच मिनिटाला, कार्डावर शाईच्या पेनने तारीख, नदीचा सांकेतिक क्रमांक आणि माशाची जात लिहायची. घरी जाऊन नाही, गाडीपर्यंत चालत जाऊनही नाही. पावसात कागदी कार्ड भिजतं म्हणून झिपची पिशवी आणि दोन पेनं जवळ ठेवा. एक पेन नदीत पडतंच.

प्रत्येकाचं कार्ड आणि दिवसाचा कोटा वेगळा. तुमचे दोन भरले म्हणून तिसरा बायकोच्या कार्डावर चढवायचा, हे चालत नाही. तो मासा तिने स्वतः गळाला लावलेला असावा.

पुस्तिका कशी वाचायची

पुस्तिकेत नद्यांची नावं इंग्रजी अकारविल्हे असतात. पण एका नावाखाली एक नियम असं नसतं. नदीचे तुकडे पाडलेले असतात, मुखापासून अमुक पुलापर्यंत, तिथून अमुक ओढ्याच्या संगमापर्यंत असे, आणि प्रत्येक तुकड्याची तारीख, जात, अवजार वेगवेगळं. स्कायकोमिशवर वॉलेस नदीचा संगम असाच एक उंबरठा आहे. अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा असं घडतं. गोल्ड बारजवळ रायटर पाँड्स हॅचरीच्या (अंडी उबवून माशांची पिल्लं वाढवायचं केंद्र) तोंडाशी तर आणखी वेगळे नियम असतात, कारण मासे तिथे दाटीवाटीने जमतात आणि माणसंही. म्हणून आधी नकाशा उघडा आणि आपण नेमके कुठे उभे राहणार ते बोट ठेवून दाखवता येतं का बघा.

मूळ नियम उलटा आहे आणि तो आपल्याला पचायला वेळ लागतो. सॅमनसाठी उघडं म्हणून ज्या पाण्याचं नाव छापलेलं नाही, ते सॅमनसाठी बंद. ‘मनाई लिहिलेली नाही, म्हणजे चालत असेल’ ही आपली सवय इथे महागात पडते. इसाक्वा गावातून वाहणारा इसाक्वा क्रीक हे ठळक उदाहरण. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गावाच्या मधोमध पुलावरून खाली बघितलं की हातभर लांबीचे मासे दिसतात. ते हॅचरीत चढत असतात. बघायचे, फोटो काढायचे, मुलांना दाखवायचे.

त्याच ओळीत जात बघायची. चिनूक, कोहो, पिंक, चम, सॉकाय या सगळ्या सॅमनच्याच जाती, आणि नदी ‘उघडी’ असते ती एखाद्या जातीपुरती. कोहोसाठी उघडी असलेल्या तुकड्यात लागलेला चिनूक सोडावा लागू शकतो.

यानंतर आपत्कालीन नियम. पुस्तिका छापून झाल्यावर मासे कमी आले, पाणी फार तापलं, हॅचरीला अंड्यांसाठी पुरेसे मासे मिळाले नाहीत, असं काहीही झालं तर खातं नदी मध्येच बंद करतं, कधी मध्येच उघडतंही. असा नियम छापील कागदाला मागे टाकतो. माझ्या पहिल्या वर्षी पहाटे चारला उठून, पुस्तिकेत खूण करून, सुल्तान गावाशी नदीवर पोचलो. पार्किंगमध्ये एकही गाडी नव्हती. सप्टेंबरचा शनिवार आणि पार्किंग रिकामं, एवढ्यावरूनच कळायला हवं होतं. मी आनंदाने वेडर्स (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार) चढवत होतो तेवढ्यात कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, “इमर्जन्सी रूल वाचला का?” नदी दोन दिवसांपूर्वी बंद झाली होती. वेडर्स उतरवायला चढवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो हे त्या दिवशी समजलं.

तेव्हापासून निघण्याच्या आदल्या रात्री खात्याची वेबसाइट किंवा ‘फिश वॉशिंग्टन’ ॲप बघतो. नदीकाठी रेंज नसते, म्हणून पानाचा स्क्रीनशॉट ठेवतो.

या तारखा येतात कुठून

हे ठाऊक नसेल तर सगळं खात्याची लहर वाटतं. दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल राज्य सरकार आणि इथल्या मूळ अमेरिकी आदिवासींची राष्ट्रं समोरासमोर बसून येणाऱ्या माशांचा अंदाज मांडतात आणि कुणी, कुठे, किती धरायचे ते ठरवतात. या प्रक्रियेला ‘नॉर्थ ऑफ फाल्कन’ म्हणतात. ओरेगॉनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या केप फाल्कन या भूशिरावरून ते नाव पडलं. स्नोहोमिश खोऱ्यात राज्याबरोबर टुलालिप जमातींचा शब्द चालतो.

हा हक्क कुणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५४-५५ च्या करारांत जमातींनी जमीन दिली आणि आपल्या नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क स्वतःकडे ठेवला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं तो पायदळी गेला. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा करारातल्या जमातींचा. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मूलतः कायम केला. नदीत जमातीचं जाळं दिसलं की काठावरचे काही लोक नाक मुरडतात. त्या गप्पांत सामील होऊ नका.

बोलणी फसली तर काय होतं तेही दिसलंय. २०१६ मध्ये कोहो फारच कमी येणार असा अंदाज होता आणि एप्रिलमध्ये एकमत झालंच नाही. मे महिन्यात पुजेट साउंडमधली, म्हणजे सिएटलला लागून असलेल्या समुद्राच्या खाडीतली, सॅमनची मासेमारी बंद पडली. करार झाला तो मे संपता संपता.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस बंदी आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ, अशी सबंध किनाऱ्याला एकच रेघ असते. इथे नदीगणिक, जातीगणिक आणि वर्षागणिक रेघ वेगळी, कारण एकाच पाण्यात भरपूर असलेली हॅचरीची जात आणि संपत आलेली जंगली जात खांद्याला खांदा लावून चढतात. पुजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून आणि स्टीलहेड २००७ पासून संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली आहे.

वर्षाचा फेरा

खालचा अंदाज फक्त मासा कधी येतो याचा आहे. नदी उघडी आहे का, ते कागदच सांगेल.

मेअखेर ते जुलै उन्हाळी स्टीलहेड आणि स्कायकोमिशवर हॅचरीचा चिनूक. पाणी बर्फाचं असतं, उन्हाला भुलू नका.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, विषम साली, पिंक. या माशाचं आयुष्य दोन वर्षांचं असल्याने त्याचा मोठा लोंढा २०२३, २०२५ असा वर्षाआड येतो. पाच पौंडांच्या आतबाहेरचा मासा, गुलाबी जिगला (जड डोक्याचा रंगीत गळ) सहज लागतो. शिकायला याच्यासारखा मासा नाही. तुमचं पहिलं वर्ष विषम असेल तर नशीबवान आहात.

सप्टेंबर-ऑक्टोबर कोहोचे. माझा आवडता मासा. पहाटे पोचा, ऊन वर आलं की तो तोंड मिटतो. नोव्हेंबरच्या सुमाराला चम, अंगावर जांभळे पट्टे असलेला दांडगा गडी.

डिसेंबर-जानेवारी हिवाळी स्टीलहेड. हा सॅमनचा भाऊबंद, खरं तर समुद्रावर जाऊन आलेला रेनबो ट्राउट. सॅमन अंडी घातल्यावर मरतो, स्टीलहेड कधीकधी समुद्रात परत जाऊन पुन्हा येतो. हॅचरीचा हिवाळी मासा लवकर यावा अशा रीतीने पिढ्यानपिढ्या निवडत आणलेला आहे. जंगली मासा मुख्यतः फेब्रुवारीनंतर चढतो. म्हणून हंगाम फेब्रुवारीच्या मध्याच्या आसपास आवरतात. तुम्हाला वाटतं आता कुठे मासे येऊ लागले आणि नदी बंद केली. मासे येऊ लागले म्हणूनच ती बंद होते. तिथून मेअखेरपर्यंत रॉडला तेल पाणी करा.

स्नोक्वाल्मीवर एक सोपी हद्द आहे. ८२ मीटरचा स्नोक्वाल्मी धबधबा सॅमनला चढता येत नाही. त्याच्या वर समुद्रातून येणारा मासा शोधू नका, तिथे ट्राउट आहेत. खालच्या भागात फॉल सिटीजवळ टोकुल क्रीकची हॅचरी आहे आणि हिवाळ्यात तिथे गर्दी असते.

पर आहे की नाही

आता मासा लागलाय असं धरा. तो पाण्यातच ठेवून पाठ बघा. पाठीचा मोठा पर सोडून शेपटीकडे सरकलात की शेपटीच्या जरा अलीकडे एक छोटा, मांसल, काटे नसलेला पर दिसेल. त्याला ॲडिपोज फिन म्हणतात. हॅचरीत बोटाएवढं पिल्लू असतानाच तो कापतात. पर नाही आणि त्या जागी भरून आलेला गुळगुळीत व्रण आहे, म्हणजे मासा हॅचरीचा. पर आहे, तर तो जंगली धरा. स्टीलहेड आणि चिनूकच्या बाबतीत इथे पर असलेला मासा सोडायचा. कोहो आणि पिंकचं त्या त्या ओळीत लिहिलेलं असतं. व्रण ताजा असेल तर तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला तो लगेच कळतो, हेही सांगून ठेवतो.

आई इथे आली होती तेव्हा काठावर खुर्ची टाकून बसली होती. त्या साली त्या तुकड्यात पर असलेला कोहो ठेवायची मुभा नव्हती. मी आठ पौंडांचा, नुकता समुद्रातून आलेला चंदेरी कोहो जाळीत घेतला, बघितला आणि सोडला.

“एवढा धरलास आणि सोडलास?”

“अगं आई, त्याला पर होता.”

“पर नसलेला मासा कुठे असतो का?”

तिला पटवायला मला मन्रोपासून घरापर्यंतचा रस्ता लागला. वाटेत तिने शेवटी विचारलं, “मग तो दुसरा, बिनपराचा, चवीला कमी असतो का?” नसतो. मीठ, हळद, कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवलेला कोहो रवा लावून तळला की दोघांत फरक उरत नाही.

जात ओळखणं

पर बघितला, आता तोंड. चिनूकच्या हिरड्या काळ्या. कोहोच्या दातांच्या मुळाशी हिरडी पांढुरकी, बाकी तोंड काळसर. मग शेपटी. चिनूकच्या शेपटीच्या दोन्ही पाळ्यांवर ठिपके, कोहोच्या बहुधा वरच्याच पाळीवर. पिंकच्या शेपटीवर मोठे लांबट ठिपके, जणू अंगठ्याचे ठसे. चम आणि सॉकायच्या शेपटीवर काळे ठिपके नसतात. स्टीलहेडच्या सबंध शेपटीवर बारीक ठिपके, तोंड आतून पांढरं आणि शेपटीची कड जवळजवळ सरळ. लहान चिनूक आणि कोहो यांची गल्लत अनुभवी माणसांचीही होते. खात्री नसेल तर सोडा.

मापाचाही नियम आहे. साधारणपणे नदीत सॅमन किमान १२ इंच आणि स्टीलहेड २० इंच. त्याहून वेगळं असेल तर त्या नदीच्या ओळीत लिहिलेलं असतं.

गळ

अवजारांवर फार लिहीत नाही. साडेआठ-नऊ फुटांचा मध्यम रॉड, स्पिनिंग रीळ, दहा-बारा पौंडांची दोरी. कोहोला फिरता स्पिनर (गरगरणाऱ्या पात्याचा चमकता गळ) किंवा जिग. एवढ्यावर दोन हंगाम निघतात. नव्या माणसाने ६०० डॉलरचा रॉड घेऊ नये, तो दगडावर आपटणारच आहे.

नियमांत मात्र बारकावे आहेत. बऱ्याच तुकड्यांवर ‘सिलेक्टिव्ह गिअर’ लागू असतं, म्हणजे एकेरी टोकाचे, उलटा काटा नसलेले गळ, आमिष बंद, जाळी गाठी नसलेली. दुकानातला गळ काटा असलेलाच मिळतो, पकडीने तो काटा दाबून सपाट करायचा. दाबला गेला का ते बघायला गळ सुती रुमालात टोचा आणि मागे ओढा. धागा न धरता सुटला तर ठीक, अडकला तर पुन्हा दाबा. काठावर अधिकारी जवळजवळ हेच करून बघतात.

‘नाइट क्लोजर’ लिहिलं असेल तर सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयाआधी एका तासापर्यंत मासेमारी बंद. आणखी एक, मासा दाटलेल्या डोहात वजनदार गळ ओढून त्याच्या पाठीत, पोटात, शेपटीत रुतवणं म्हणजे स्नॅगिंग, ते बेकायदा. चुकून तसा रुतला तरी तो मासा ठेवता येत नाही, मग तो कितीही बिनपराचा असो.

सोडताना

नदीत, जो सॅमन किंवा स्टीलहेड ठेवायची परवानगी नाही तो पाण्याबाहेर पूर्ण उचलणंही नियमाविरुद्ध आहे. छातीशी धरून काढलेले फोटो लोक अजून टाकतात आणि स्वतःविरुद्ध पुरावा देतात. हात ओले करा, तोंड प्रवाहाकडे करून मासा पाण्यात धरा, पकडीने गळ काढा. शेपटी जोरात मारून तो स्वतः निघून जाईल तेव्हा सोडा. गळ खोल गेला असेल तर दोरी कापा, ओढू नका.

ठेवायचा असेल तर लगेच मारा, रक्त काढा, बर्फात घाला. पण नदीकाठी तुकडे करू नका. जात, लांबी आणि पराची जागा तपासणाऱ्याला दिसली पाहिजे.

पाणी

यावर हसू नका. स्कायकोमिशच्या पाण्याची पातळी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या गोल्ड बारच्या केंद्रावर घरबसल्या बघता येते. आलेख वर चढत असेल तर जाऊ नका. उतरत असेल आणि पाणी गढूळाचं हिरवट व्हायला लागलं असेल तर ऑफिसला सुट्टी टाका. वेडर्सवर कमरेचा पट्टा बांधल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, पडलात तर आत पाणी भरतं. गुडघ्याच्या वर जायची पहिल्या वर्षी गरजच नसते, कोहो काठाजवळच्या संथ पाण्यात असतो आणि नवखा त्याच्यावरूनच चालत जातो.

गाडी लावताना पाटी वाचा. खात्याच्या जागी लायसन्सबरोबर मिळणारा वाहन पास चालतो, राज्याच्या उद्यानात डिस्कव्हर पास लागतो. पाटी नसलेली वाट बहुधा कुणाच्या तरी शेतातली असते.

एप्रिल आला की ड्रॉवरमधून ते कॅच रेकॉर्ड कार्ड शोधा. एकही मासा लागला नसला, वर्षभरात एकदाही नदीवर गेला नसलात, तरी ३० एप्रिलच्या आत ते खात्याला कळवायचं असतं. पुढच्या वर्षीचे अंदाज मांडताना कोऱ्या कार्डांचीही मोजणी होते. माझी पहिली दोन कार्डं कोरीच गेली.